सिरीलो बोर्दिनची पहाटेची प्रार्थना

आमच्या सांता क्रिस्पीना गावात सिरीलो बोर्दिन हा एकच माणूस असा, की ज्याला स्वतःच्या दोन पायांवर धड उभं राहिलेलं कुणी पाहिलेलं नाही. तो टेकतो. खांबाला टेकतो, भिंतीला टेकतो, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला टेकतो. एकदा प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना तो संत आंतोनियोच्या पुतळ्याला टेकला आणि फादर ओरेस्तेंना प्रवचन अर्धवट टाकून पुतळा धरायला धावावं लागलं. इदालीनोच्या दुकानाच्या भिंतीवर, बरोबर सिरीलोच्या खांद्याच्या उंचीला, एक गुळगुळीत चट्टा पडला आहे. इदालीनो दरवर्षी तिथे चुना लावतो आणि सिरीलो दरवर्षी तो कोटावर घेऊन घरी जातो.

माणूस उंच, मिशा भरघोस, पंजे फावड्याएवढे. साठी उलटली तरी बिनलग्नाचा. द्राक्षांचा मळा बापाचा, गुडघेदुखी आईची, आणि घर मात्र बहिणीचं. म्हणजे कागदावर त्याचं, पण त्या कागदाला आसुंतासमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती. आसुंता त्याची थोरली बहीण. तिनेही लग्न केलं नाही, कारण तिला पसंत पडतील असे पुरुष फक्त चर्चच्या खिडक्यांवर रंगवलेले होते. गावात तिचं सगळ्यांशी पटायचं, एक दोना पाल्मीरा सोडून. दोना म्हणजे आमच्याकडे बाई; ही पाल्मीरा वरच्या वळणावर राहणारी विधवा. एका सणाला आसुंताने गावजेवणासाठी मोठ्या कढईत रस्सा केला होता. पाल्मीराने एक चमचा चाखला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांदेखत म्हणाली, “छान झालाय. फक्त कोंबडी यातून नुसती चालत गेलेली दिसते.”

त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. प्रेतयात्रेतसुद्धा एक शवपेटीच्या उजवीकडून चालायची, दुसरी डावीकडून.

अशा घरात राहून सिरीलोने काय करावं? तर रोज पहाटे उठावं, टोपी घालावी आणि बहिणीला सांगावं, “गुंफेत जाऊन येतो.” डोंगरात आमच्या मातेची गुंफा आहे. आसुंताचा ऊर भरून यायचा. ती दळणाला गेली की सांगायची, दुकानात गेली की सांगायची, “आमचा सिरीलो कित्येक वर्षं एक पहाट चुकवत नाही.” फादर ओरेस्तेंनी या भक्तीबद्दल त्याला मिरवणुकीत छत्राचा खांब धरायचा मान दिला. तो त्या खांबाला टेकला, हे सांगायला नको.

गुंफेची वाट आणि पाल्मीराची वाट वळणापर्यंत एकच आहे. तिथून गुंफा डावीकडे. सिरीलो उजवीकडे वळायचा. कुणाला पत्ता नव्हता, कारण प्रार्थनेला निघालेल्या माणसाच्या मागे आमच्या गावात कुणी जात नाही. न जाणो, आपल्यालाही करावी लागली तर!

पाल्मीराच्या कुंपणाशी एक जुनं आलुबुखाराचं झाड आहे. ती कुंपणाच्या आत उभी, हा बाहेर झाडाला टेकून. माटेचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, पोकळ भोपळा कुंपणावरून इकडून तिकडे. ती चांदीच्या नळीने तो हिरवा कडू रस ओढणार, पुन्हा गरम पाणी ओतणार आणि भोपळा याच्या हातात देणार. बोलणं काय? कोंबड्या, दहिवर, यंदा द्राक्षाला साखर धरते की नाही. बस्स. विधवेच्या उंबऱ्याच्या आत बिनलग्नाचा पुरुष गेला, की दुपारपर्यंत आमचं गाव बारशाचा लाडू मागतं. म्हणून उंबरा नाही, कुंपण.

आता त्या झाडावरच्या दुसऱ्या मंडळींची ओळख करून द्यायला हवी.

सुरवंट आमच्याकडे पुष्कळ. पण तातुराना म्हटलं की लोक हात मागे घेतात. या तातुरानाचं पाखरू पाहिलंत तर वाळकं पान समजून झाडून टाकाल. त्याला काही खाताच येत नाही. आठवडाभराचं आयुष्य, तेही पोरपणी खाल्लेल्या पानांच्या जोरावर. त्यात नर जोडीदार शोधतो, लग्न उरकतो आणि संपतो. मादीही पानांमागे अंडी घालून संपते. उपाशीपोटी लग्न! आमच्या माणसांना ही गोष्ट पटतच नाही. अंड्यांतून पोरं निघतात ती सगळी एकदम, आणि इथून पुढे मात्र ती थेट आमच्यासारखी: एकट्याने काही करायचं म्हणून नाही. अंधार पडला की रांगेने शेंड्याकडे जेवायला. उजाडलं की रांगेने खाली, आणि माणसाच्या खांद्याच्या उंचीला खोडावर एकमेकांना बिलगून झोप. कात टाकायची तीही सगळ्यांनी बरोबरच. अशी कात टाकत टाकत ती बोटाएवढी होतात. रंग शेवाळलेल्या सालीचा, पाठीवर हिरव्या काट्यांची झुडपं. जणू छोट्या छोट्या पाइनच्या झाडांचं रानच. प्रत्येक काट्याचं टोक पोकळ आणि आत विष. टोक मोडलं की विष अंगात. एखाद्या अळीने आग होते, माणूस चार शिव्या देतो. पण एखादी अळी भेटतच नाही. भेटतं ते सगळं गोत. आणि ते विष रक्ताला गोठायचं विसरायला लावतं. पुढे यथावकाश ही पोरं खाली उतरतात, पाचोळ्यात कोश करून महिनोन् महिने पडून राहतात आणि पाखरू होऊन पुन्हा त्याच उपाशी लग्नाला लागतात.

तर त्या फेब्रुवारीत, द्राक्षतोडणीच्या ऐन धांदलीत, असं एक गोत त्या आलुबुखारावर झोपायला येऊ लागलं होतं. सिरीलो एका बाजूला टेकायचा, ते दुसऱ्या बाजूला. दोघांची ओळख झाली नसती. पण त्या पहाटे पाल्मीराने भोपळा पुढे केला आणि कोंबड्यांबद्दल बोलता बोलता, आवाजही न बदलता म्हणाली, “अहो सिरीलो, तुम्हाला आत येऊन खुर्चीवर बसता येत नाही का?”

सिरीलो दचकला. दचकलेला माणूस मागे सरकतो. सिरीलो आडवा सरकला, झाडाला वळसा घालून. उघड्या दंडापासून खांद्यापर्यंत सगळा भार त्याने त्या झोपलेल्या गोतावर टाकला.

“काय झालं?” पाल्मीराने विचारलं.

“काही नाही. काटा.”

“आलुबुखाराला कुठला काटा?”

“असेल एखादा. आपलं... जुना.” त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. “येतो मी.”

भोपळा अर्धा भरलेला कुंपणावर ठेवून तो निघाला. आमच्याकडे माणूस प्रेताशेजारून उठेल, पण अर्ध्या भोपळ्यावरून उठणार नाही. पाल्मीरा त्या भोपळ्याकडे बघत उभी राहिली. तिला काय वाटलं असेल ते सांगायला नको. ती भोपळा घेऊन आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

सिरीलोने झाडावर काय होतं ते वळून पाहिलं होतं. पण सांगणार काय? त्याने दंडावर ग्राप्पा, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्याची कडक दारू, चोळली, तोंडाने थोडी घेतली, बाही खाली ओढली आणि तो मळ्यात गेला. आमच्या गावात बैलाने तुडवलं तर माणूस चार लोकांत बसून सांगतो. अळीने लोळवलं हे कोण सांगेल!

आणि दिवस असे, की कुणाला काही दिसावं तरी कसं? तोडणीच्या दिवसांत सगळ्या गावाचे हात कोपरापर्यंत जांभळे असतात, ओठ जांभळे, दात जांभळे. दुपारी सिरीलो पिंपाला टेकून लाल थुंकला.

“अरे थुंकतोस काय?” इदालीनो ओरडला. “बापाची वाइन आहे म्हणून?”

“कोवळी आहे अजून.”

“कोवळी? अजून पिळलीसुद्धा नाही! तू पितोयस तरी काय?”

सगळे हसले. सिरीलोही हसला, आणि त्याचे दात सगळ्यांपेक्षा लाल होते. कुणाला वेगळं वाटलं नाही. उलट इदालीनोने पिंपावर झाकण घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसुंताला त्याचा दंड दिसला. जांभळा, काळसर, खांद्यापर्यंत. तिने साबण आणला, राख आणली, फरशी घासायचा ब्रश आणला.

“ओय! घासू नको गं!”

“गप्प बस. लहानपणापासून तू कोपरं धूत नाहीस.”

“आसुंता, दुखतंय!”

“दुखणारच. जुना मळ आहे.”

ती घासत राहिली. डाग जाईना, उलट पसरायला लागला. तेवढ्यात सिरीलोच्या नाकातून लाल धार लागली आणि थांबेचना. नाकातून येईपर्यंत वाइन पिणारे आमच्याकडे आहेत, नाही असं नाही. पण सिरीलो त्या सकाळी पाणीसुद्धा प्यायला नव्हता. आसुंताच्या हातातला ब्रश गळून पडला.

इदालीनोच्या ट्रकमधून, द्राक्षांच्या पाट्यांशेजारी बसवून, त्याला खालच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे पोर्तो आलेग्रेहून आलेल्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या, राकेल नावाच्या. त्यांनी काचेच्या नळीत त्याचं रक्त घेतलं आणि ठेवून दिलं. थोड्या वेळाने नळी आडवी केली. रक्त वाइनसारखं इकडून तिकडे गेलं. पुन्हा थोड्या वेळाने आडवी केली. पुन्हा तसंच.

“गोठत नाहीये,” त्या म्हणाल्या. “सिरीलोकाका, कशाला हात लागला?”

सिरीलोने छताकडे पाहिलं. “असेल एखादा किडा.”

“कसा किडा? एकटा की गठ्ठ्याने? नीट आठवा, यावर तुमचा जीव आहे.”

“तातुराना,” तो पुटपुटला.

“कुठे?”

उशाशी आसुंता जपमाळ घेऊन उभी होती. सिरीलोने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा जपमाळेकडे. “गुंफेत. मातेच्या गुंफेजवळच्या सेडारच्या झाडाला.”

“प्रार्थना करताना!” आसुंता रडू लागली. “बघा डॉक्टर, गुडघे टेकलेले असताना!”

डॉक्टरीणबाईंना ओठांवर हसू येऊ द्यायला वेळ नव्हता. त्यांनी बाहेर येऊन आम्हाला समजावलं. या विषावर नुकतंच सीरम निघालं आहे. बाटल्या थोड्या, खाली शहरात ठेवलेल्या. पण सिरीलो गुडघ्यांसाठी ॲस्पिरिन शेंगदाण्यासारखी खातो, आणि तिनेही रक्त पातळ होतं. शिवाय सीरम घोड्याच्या रक्तातून काढतात. नको असताना दिलं तर तेच अंगावर यायचं. “अळी कुठली ते मला डोळ्यांनी बघू दे. हात लावू नका, काठीने डब्यात ढकला आणि आणा. लवकर. मूत्रपिंडं बसली तर सीरमही उशिराचं ठरेल.”

मग काय! तोडणी थांबली. सगळं सांता क्रिस्पीना बरण्या, डबे, पोलेंटाची म्हणजे मक्याच्या घाट्याची भांडी घेऊन गुंफेवर चालून गेलं. फादर ओरेस्ते मध्ये उभे. “मातेच्या दारात भक्ताला डसेल असा किडा असूच शकत नाही!” पण त्यांच्याही झोळीत एक बरणी होती. सेडारची साल पाहिली, पुतळ्याच्या मागे पाहिलं, दानपेटीखाली पाहिलं. संध्याकाळपर्यंत डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर जिल्ह्यातल्या एकूण एक अळ्या येऊन बसल्या.

“ही पांढरी, मांजरासारखी केसाळ. हिने रात्रभर बोंब मारायला होतं, पण रक्त येत नाही. ही हिरवी, हिचे काटे खाजवतात. हिनेही नाही. हे... ही गोम आहे.”

“चावते ती,” आणणारा म्हणाला.

“चावते. पण गोम आहे. आणि हे काय?”

“ते माझ्या सासूच्या शालीच्या गोंड्याचं टोक असेल. अंधारात घाईत घातलं.”

डॉक्टरीणबाईंनी डोकं धरलं. “तुमचा माणूस आत पातळ होत चाललाय! अहो, ती टोळीने असते. एक नाही, ढीग. एवढ्या जणांना एकसुद्धा दिसू नये?”

पाल्मीरा यातलं काही जाणत नव्हती. दोन दिवस तिने दार उघडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी इदालीनो रिकाम्या बरण्या गोळा करत तिच्या कुंपणाशी येऊन हाका मारू लागला, तेव्हा कुठे ती बाहेर आली.

“दोना पाल्मीरा, बरणी आहे का एखादी? झाकणाची.”

“कशाला? मुरांबा घालायला निघालास की काय?”

“तातुराना धरायला. सिरीलोला डसल्या. हॉस्पिटलात आहे, रक्त थांबत नाही.”

पाल्मीराने कुंपण धरलं. “कधी डसल्या?”

“परवा पहाटे. गुंफेत, प्रार्थना करताना.”

“प्रार्थना करताना,” पाल्मीरा म्हणाली. हळूहळू तिची मान वळली, आलुबुखाराकडे. खोडाच्या पलीकडच्या अंगाला खांद्याच्या उंचीवर साल जरा जास्तच जाड दिसत होती. आणि ती साल श्वास घेत होती.

“इदालीनो, ट्रक चालू कर.”

“बरणी?”

“बरणी कसली! पोलेंटाची कढई आणते.”

हॉस्पिटलच्या बोळात अर्धं गाव बसलेलं होतं. बाकावर आसुंता माळ ओढत होती. पाल्मीरा आत आली ती नवऱ्याचे मधमाश्या काढायचे हातमोजे घालून, हातात तांब्याची कढई, वर चादरीचा फडका बांधलेला. बोळ असा शांत झाला की कढईतली सळसळ ऐकू आली.

“डॉक्टर, बघा,” ती म्हणाली. “सालीसकट काढून आणल्यात.”

डॉक्टरीणबाईंनी फडक्याचा कोपरा उचलला आणि लगेच सोडला. “ह्याच. ह्याच!” त्या फोनकडे धावल्या. धावता धावता ओरडल्या, “मारू नका त्यांना! साओ पावलोला पाठवायच्यात, त्यांच्याच काट्यांपासून सीरम बनतं!”

“साओ पावलोला?” इदालीनो म्हणाला. “बसने? खिडकीशेजारची जागा कोणाकोणाला द्यायची?”

कुणी हसलं नाही. सगळे पाल्मीराकडे बघत होते. आसुंता उठली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच ती पाल्मीराशी बोलली.

“गुंफेतल्या का या?”

खोलीचं दार उघडंच होतं. आत सिरीलो उशीला टेकून बसला होता. पाल्मीराचा आवाज ऐकताच तो आडवा झाला, डोळे मिटले आणि बेशुद्ध पडला. नर्सने नाडी धरली. “काका, नाडी पळतेय तुमची. बेशुद्ध माणसाची अशी पळत नाही.”

“जरा हळू बोल की गं,” बेशुद्ध माणूस म्हणाला.

बाहेर पाल्मीराने कढई जमिनीवर ठेवली. “गुंफेतल्या नाहीत. माझ्या कुंपणाच्या आलुबुखारावरच्या. तो परवा पहाटे तिथे होता. त्याच्या आदल्या पहाटेही होता. कित्येक वर्षं आहे. कुंपणाच्या बाहेर. कुणाला काही बोलायचं असेल तर आत्ता बोला, मला घरी कोंबड्या आहेत.”

आमच्या गावात बोलायला कुणाला आमंत्रण लागत नाही. पण त्या दिवशी अर्ध्या गावाला बोळाच्या फरशीची नक्षी बघायची होती. फादर ओरेस्ते खोकले. त्यांच्या मनात बहुधा छत्राचा खांब आला असावा.

आसुंताचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. “मी त्याच्या नावाने मेणबत्त्या लावल्या.”

“चांगलं केलंत.”

“मी दळणाच्या बायांना सांगितलं, आमचा सिरीलो संत होणार!”

“अजून होऊ शकेल,” पाल्मीरा म्हणाली. “ते सीरम वेळेवर नाही आलं तर.”

यावर आसुंताने तोंडावर हात घेतला आणि तिच्या हातून माळ सुटली. पाल्मीराने हातमोजे काढले, माळ उचलून दिली आणि बाकावर तिच्या शेजारी बसली. मध्ये कढई. आतली मंडळी कशाचीही पर्वा न करता एकमेकांना बिलगून झोपली होती.

सीरम दुपारी आलं. हातातल्या नळीतून थेंब थेंब सिरीलोच्या अंगात गेलं. इदालीनोने दारातून डोकं घातलं. “घोड्यावर बसलास की पडायचास. आता घोडाच तुझ्यात बसला. खिंकाळून दाखव.”

सिरीलोने त्याला एक शिवी दिली. शिवीत जोर नव्हता.

घरी कुणी गेलं नाही. आसुंता आणि पाल्मीरा एकाच बाकावर बसून राहिल्या. पहिले काही तास दोघींमधून एक शब्द निघाला नाही. मग आसुंता म्हणाली, “टेकून बसा. पाठ धरेल.” पुष्कळ वेळाने पाल्मीरा म्हणाली, “तुम्हीही.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा काचेच्या नळीत रक्त घेतलं. या वेळी त्यांनी नळी बोळात आणली. फादर, इदालीनो, गोमवाला, सगळे उभे राहिले. त्यांनी वाट पाहिली. मग नळी हळूच तिरपी केली. रक्त हललं नाही. आणखी तिरपी केली. पार आडवी केली. तळाला घट्ट बसलेला लाल गोळा जागचा हलेना.

“गोठलं!” इदालीनो असा ओरडला की खालच्या गल्लीतली कुत्री उठली. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. आसुंताने पदरासारखा रुमाल डोळ्यांना लावला. पाल्मीरा नुसती नळीकडे बघत होती, एखादं मूल बघावं तशी.

डॉक्टरीणबाई आत गेल्या. “सिरीलोकाका, वाचलात. मूत्रपिंडंही बरी दिसतात.”

सिरीलोने एक डोळा उघडला. “बाहेर कोण आहे? बहीण की ती?”

“दोघी.”

त्याने डोळा मिटला. “डॉक्टर, आणखी थोडं रक्त जाऊ द्या की.”

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि दोघींना एकदमच आत सोडलं.

एक खाटेच्या उजवीकडे उभी राहिली, एक डावीकडे. सिरीलो चादरीच्या किनारीकडे बघत होता.

“मी त्या पहाटे एक विचारलं होतं,” पाल्मीरा म्हणाली. “तुम्ही पळालात ते अळ्यांना भिऊन की मला?”

“अळ्यांना,” सिरीलो म्हणाला. मग चादरीची किनार बोटाने दुमडत, “आधी तुम्हाला. मग अळ्यांना.”

“आणि आता?”

सिरीलोने मान वळवून आसुंताकडे पाहिलं. लहानपणी बोरं चोरून आणल्यावर बघत असेल, तसं.

“माझ्याकडे काय बघतोस?” आसुंता कडाडली. “इतकी वर्षं खोटं बोलताना मला विचारलं होतंस?”

सिरीलोने पाल्मीराकडे पाहिलं.

“येतो,” तो म्हणाला. “आत येऊन बसतो.”